दूध उतू गेले तेव्हा

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील नववा अध्याय अवघ्या तेवीस श्लोकांचा आहे. त्यात कोणी असुर मरत नाही, कोणी पर्वत उचलीत नाही. गोकुळातील एका घरची सकाळ, एवढाच त्याचा विषय. दासी दुसऱ्या कामांत गुंतलेल्या, म्हणून यशोदामाई स्वतः दही घुसळावयास बसली आहे. मुलाच्या खोड्या आठवून आठवून ती गात आहे. इतक्यात ज्याच्या खोड्या तोच येतो आणि रवी धरून ठेवतो. त्याला भूक लागली आहे. माई त्याला मांडीवर घेऊन पाजू लागते, आणि नेमके त्याच क्षणी चुलीवरचे दूध उतू जाऊ लागते. मूल अर्धपोटी खाली ठेवून ती दुधाकडे धावते.

पुढचे सर्वांस ठाऊक आहे. रागाने ओठ चावून बाळकृष्णाने दह्याचा डेरा दगडाने फोडला, आत जाऊन लोणी खाल्ले, पालथ्या उखळावर उभे राहून माकडाला वाटले. माई छडी घेऊन मागे लागली तसा पळाला. सापडला तेव्हा रडत रडत डोळे चोळून काजळ गालभर केले. ते भ्यालेले मुख पाहून माईने छडी टाकून दिली व दावे हाती घेतले. दावे दोन बोटे कमी पडले. त्याला दुसरे जोडले, तेही दोन बोटे कमी. घरातील सारी दावी संपली तरी दोन बोटांचे अंतर काही मिटेना. शेवटी माई घामाने भिजली, वेणीतील फुले गळून पडली, आणि तिचे श्रम पाहून देव आपण होऊन बांधला गेला.

गेली चाळीसहून अधिक वर्षे आम्ही हा अध्याय गोकुळाष्टमीच्या कीर्तनात लावीत आलो आहोत. त्या दोन बोटांवर आम्ही तासभर बोलत असू. एक बोट भक्ताच्या श्रमाचे आणि दुसरे भगवंताच्या कृपेचे, असा अर्थ वैष्णव आचार्यांनी लाविला आहे, आणि तो कोणत्याही श्रोत्याला पटण्याजोगा आहे. परंतु वाचकहो, या अध्यायातील पहिला प्रश्न दाव्याचा नव्हेच, तो दुधाचा आहे. मूल खाली ठेवावे, की दूध जाऊ द्यावे? घरात लहान मुले असलेल्या आईबापांना हा प्रश्न दिवसातून दहा वेळा पडतो. आम्हांलाही पडला होता. त्याचे उत्तर आम्ही कसे दिले, ते आज अष्टमीच्या निमित्ताने सांगावयाचे आहे. ते फारसे भूषणावह नाही.

आमचे घर पंढरपुरात, जुन्या वाड्यात. १९९३ साली आमची थोरली सात वर्षांची होती आणि धाकटा चार वर्षांचा. पंढरीच्या मुलांना देव कोणी दूरचा वाटत नाही. पहाटे काकडा झाला म्हणजे देव उठला, पंचामृताची पूजा झाली म्हणजे त्याची आंघोळ झाली, मग महानैवेद्य, दुपारचा पोशाख, सायंकाळची धूपारती, आणि रात्री शेजारती झाली की देव निजला, हे त्यांना वर्णमालेच्या आधी येते. आषाढी-कार्तिकीला देवाचा पलंग निघतो. वारकऱ्यांना अष्टौप्रहर दर्शन घडावे म्हणून देव निजतच नाही. यात्रा पांगल्यावर प्रक्षाळपूजा होते, ऊन पाण्याने स्नान होते आणि शिणवटा जावा म्हणून रात्री देवाला काढा देतात. हे प्रथम ऐकले तेव्हा आमच्या धाकट्याने फार गंभीर होऊन विचारले होते, "देव काढा मुकाट्याने पितो का?" त्याला स्वतःला सर्दी झाली की आल्याचा काढा पाजावयास घरातील तीन माणसे लागत.

या सगळ्याचा परिणाम असा की आमच्या देवघरातील रांगत्या बाळकृष्णाची मुलांनी आपल्यातच गणना केली होती. थोरलीने एकदा त्याला साबण लावून न्हाऊ घातले व पावडर लावली. एकदा दुपारी पूजेस बसलो तर ताम्हणात शाळिग्राम आहे, अन्नपूर्णा आहे, बाळकृष्ण नाही. उंदराने नेला की काय म्हणून देव्हारा हलविला, निर्माल्याची परडी उपसली, आमच्या मातोश्रींनी अडगळीच्या खोलीपर्यंत शोध घेतला. साडेबारा वाजता धाकटा बालवाडीतून परत आला आणि चड्डीच्या खिशातून, चार शेंगदाण्यांसह, देव काढून त्याने पाटावर ठेवला. घरी एकटाच असतो म्हणून शाळेत नेला होता, असा खुलासा झाला. आम्ही शास्त्री. आता शुद्धी कशी करावी, पंचगव्य लागेल की साध्या पंचामृताने भागेल, या विचारात पडलो. मातोश्री म्हणाल्या, "अरे, तो गाई राखायला जायचा. शाळेत गेला तर काय बिघडलं?" ते शेंगदाणे त्यांनी नैवेद्याच्या वाटीत टाकले.

श्रावणातील शुक्रवार हा तर मुलांचाच सण. भिंतीवर जिवतीचा कागद लागे. वर नरसिंह, मग कालियामर्दन, मध्ये मुले खेळविणाऱ्या जरा-जिवंतिका आणि खाली बुध-बृहस्पती. आघाड्याची व दूर्वांची माळ, कापसाचे वस्त्र, दूध-साखरेचा आणि चण्या-फुटाण्यांचा नैवेद्य. मगधाच्या जरासंधाची दोन शकले सांधून त्याला जीवदान देणारी जरा राक्षसी ती हीच. मुलांसह माझे चित्र जो घराच्या भिंतीवर रेखील त्याच्या घराची वृद्धी होईल, असे वचन तिच्या मुखी महाभारताच्या सभापर्वातच आहे. इतकी जुनी ही भिंतीवरची आई! आमचे कुटुंब पुरणाचे दिवे करून मुलांना ओवाळी. धाकटा ओवाळून घेतानाच एक दिवा वात विझण्यापूर्वी कसा खाता येईल याचा अंदाज घेत असे. परगावी असलेल्या लेकरांसाठी चारी दिशांना अक्षता टाकावयाची रीत आहे. आमच्या घरी परगावी लेकरू कोणी नव्हते. परगावी असे तो बाप. मुलांची आई चार दिशांना अक्षता टाकी तेव्हा थोरली पाचवी चिमूट उचलून "ही अण्णांची" म्हणून जिन्याकडे टाकीत असे. हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले.

कारण चातुर्मास म्हणजे कीर्तनकाराचा हंगाम. गोकुळाष्टमी, गणपती, नवरात्र या दिवसांत आम्ही कधी घरी नसूच. दुसऱ्यांच्या घरची मुले मांडीवर घेऊन श्रोते आमच्यासमोर बसत, आणि आमची मुले इकडे वाड्यात आपल्या आजीच्या कुशीत बसून कंदील केव्हा मालवायचा म्हणून भांडत. याचे आम्हांला कधी वैषम्य वाटले नाही. देवाच्या कामाला गेलो आहोत, अशीच आमची भावना होती.

त्या वर्षीच्या अष्टमीस आम्ही नदीपलीकडच्या एका गावी जन्माचे कीर्तन केले. बरोबर बारा वाजता पाळण्याची दोरी ओढली, गुलाल उधळला, सुंठवडा वाटला, आणि पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने परत निघालो. इकडे घरी मुलांनी दिवसभर उपास केला होता. चार वर्षांच्या मुलाचा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी तीन वेळा. पण निश्चय मोठा होता. जन्म पाहावयाचाच. पाळणा फुलांनी सजवून ठेवला होता. साडेनऊला थोरली पेंगली, दहाला धाकटा. बारा वाजता दोघांना हलवून पाहिले, पाण्याचा हात डोळ्यांवरून फिरविला, पण व्यर्थ. घरातील दोघी बायकांनीच जन्म केला.

सकाळी उठून मुलाने पाळण्यात देव पाहिला आणि आकांत मांडला. जन्म झाला, आणि आपल्याला कोणी बोलाविले नाही! समजूत घालण्याचे सर्व उपाय थकले तेव्हा आमच्या कुटुंबाने शेवटी ठरविले की पुन्हा जन्म करावा. स्वयंपाकघरात पाट मांडला, पाळणा पुन्हा टांगला, पारण्यासाठी आणलेले दूध गॅसवर ठेवले. आमच्या बैठकीवरून पोथी आली, कारण पोथीशिवाय जन्म कसा व्हावयाचा? थोरलीने ती उघडून समोर ठेवली. निर्णयसागर छापखान्याची भागवताची जुनी प्रत, श्रीधरी टीकेसह, आमच्या वडिलांच्या हातची. धाकट्याने दोरी ओढली आणि मुठीतला सर्व गुलाल एकदम उधळला.

त्या क्षणी आम्ही दारात उभे होतो. रात्रभराचे जागरण, एस.टी.चा प्रवास, डोळ्यांत झोप. दिसले ते असे: सूर्य वर आलेला, नवमी लागलेली, आणि निशीथकाळी व्हावयाचा जन्म सकाळी आठ वाजता स्वयंपाकघरात चाललेला. वडिलांच्या पोथीवर दशम स्कंधाची पाने लालभडक. आणि गॅसवरचे दूध फसफसून उतू चाललेले, ओट्यावरून खाली ओघळणारे. आमच्या तोंडून काय निघाले ते येथे लिहिण्याजोगे नाही. कुटुंबाला आम्ही मुलांच्या देखत बोललो. तिथी, काल, व्रतभंग, सर्व शास्त्र त्या माउलीच्या डोक्यावर ओतले. तिचा उपास तोवर सुटलेला नव्हता. मुलावर हात उगारला. मारिला नाही, पण उगारिला. तो आजीच्या पदराआड गेला. तेथून त्याने एकदा वाकून पाहिले. मुठींनी डोळे चोळीत होता, आणि गुलाल व अश्रू यांनी तोंड माखले होते.

मातोश्री एवढेच म्हणाल्या, "काकडा रोज करतोस ना? रोज उठणारा देव दोनदा जन्मला तर त्याला काय त्रास होणार आहे?"

आम्ही उत्तर न देता माडीवर जाऊन निजलो.

त्या दिवशी सायंकाळी गावातच काल्याचे कीर्तन होते. उत्तररंगास हाच नववा अध्याय लाविला होता. पोथी झाडून-पुसून समोर ठेविली होती, तरी पान उघडताच बोटांना गुलाल लागला. दूध उतू जाते, डेरा फुटतो, श्रोते हसतात, ते सर्व नेहमीप्रमाणे झाले. मग छडी घेऊन निघालेली माई आणि काजळाने माखलेले ते मुख या ठिकाणी आलो, आणि आमचा शब्द अडकला. पेटीवाल्याने सूर धरून ठेविला. झांजा थांबल्या. श्रोत्यांना वाटले, बुवांना भाव आवरत नाही. एकदोन वृद्ध स्त्रियांनी पदर डोळ्यांस लाविले. तो भाव नव्हता. आम्हांला सकाळचे तोंड दिसत होते.

आणखी एक गोष्ट त्या रात्री लक्षात आली, जी इतकी वर्षे पाठ असून दिसली नव्हती. या नवव्या अध्यायात नंदबाबा कोठेही नाहीत. दूध, डेरा, छडी, दावे, साऱ्या प्रसंगात बाप घरी नाही. तो येतो अकराव्या अध्यायात. तोवर यमलार्जुन वृक्ष कोसळून पडलेले आहेत, गोप जमून तर्क करीत आहेत, आणि दाव्याने बांधलेला मुलगा उखळ ओढीत आहे. नंदबाबा उशिरा येतात. हे कोणी केले, का केले, अशी एकही पृच्छा ते करीत नाहीत. मुलाकडे पाहून हसतात आणि दावे सोडतात. नंदाच्या वाट्याला व्यासांनी त्या प्रसंगी एवढेच काम दिले आहे. आम्हीही उशिरा आलो होतो. आम्ही मात्र येऊन गाठ आवळली.

रात्री घरी गेलो तेव्हा मुले निजली होती. कुटुंबाने पान वाढले. आम्ही काही तरी बोलू लागलो तेव्हा ती म्हणाली, "अहो, आधी जेवा." आमच्या पिढीतील नवरा बायकोची क्षमा मागत नसे. मागावयास हवी होती, हे आता लिहितो.

मुले रागावलेली लक्षात ठेवीत नाहीत असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. दुसऱ्या दिवशी धाकटा आमच्या पाठीवर बसून घोडा घोडा खेळला. परंतु देवघरातील त्याचे वागणे बदलले. बाळकृष्ण पुन्हा कधी त्याच्या खिशात गेला नाही. पूजेच्या वेळी तो उंबऱ्यापाशी हात जोडून उभा राही, आणि कधी फूल वाहावयास बोलाविले तर प्रथम विचारी, "हात लावू का?" मूल शिस्तीचे झाले म्हणून शेजारचे कौतुक करीत. आम्हांला ते दोन शब्द दर वेळी टोचत. लाव म्हटले तरी तो बोटाच्या टोकाने फूल टाकून मागे सरे. दोन बोटांचे अंतर म्हणजे काय, ते आम्ही तेव्हा पाहिले.

असो. मार्गशीर्ष लागला. पंढरीत अशी श्रद्धा आहे की हा महिनाभर विठुराया विष्णुपदावर राहावयास जातो. गोपाळपुराच्या वाटेवर चंद्रभागेच्या पात्रात ते स्थान आहे. दगडी मंडप, आणि खाली शिळेवर श्रीकृष्णाची म्हणून पूजिली जाणारी पावले, गाईंची खुरे, काल्याच्या वाटीचा ठसा. पंढरपूरकर त्या महिन्यात सहकुटुंब तेथे वनभोजनास जातात. त्या वर्षी आम्ही दोन कीर्तने नाकारली. व्यवसायात प्रथमच. घाटावरून होडी केली. भाकरी, वांग्याचे भरीत, ठेचा, दह्याचे मडके आणि मातोश्रींची औषधांची पिशवी, असा सरंजाम.

प्रवास अर्ध्या तासाचा. पण मुलांच्या हिशेबी तो समुद्रप्रवास होता. होडीच्या कडेवरून पाण्यात पाय सोडावयाचे नाहीत असे बजावूनही थोरलीने सोडलेच आणि एक चप्पल चंद्रभागेस अर्पण झाली. ती तरंगत जाते आहे हे पाहून धाकटा इतका हसला की नावाड्याने वल्हे थांबविले. आम्हांलाही हसू आले. चप्पल नवी होती, दिवाळीची, तरीही आले. मातोश्री भीमेची चोळी-बांगडी करीत होत्या, त्यांनी त्यात चपलेचाही उल्लेख करून टाकला.

मंडपात गर्दी होती. लोक पावलांवर बुक्का व तुळस वाहत होते. आम्ही मुलाला खुरांचे ठसे दाखविले, काल्याची वाटी दाखविली. येथे देव मित्रांबरोबर शिदोरी सोडून बसत असे, म्हणून सांगितले. तो उकिडवा बसून बराच वेळ त्या वाटीच्या खळग्याकडे पाहत राहिला. मग आमच्याकडे वर पाहून त्याने तेच विचारले, "हात लावू का?"

आम्ही त्याच्याजवळ खाली बसलो. त्याचा हात आपल्या हातात धरून त्या खळग्यात ठेविला व तसाच ठेवून दिला. दगड गार होता. थोड्या वेळाने त्याने आपला हात सोडवून घेतला, खिसा चाचपला आणि खिशातले शेंगदाणे काढून एकेक करून खळग्यात घातले. मागून एक वारकरी दर्शनासाठी खोळंबला होता. त्याने काही न बोलता त्यातला एक उचलून प्रसाद म्हणून तोंडात टाकला. मुलाला त्याचे फार अप्रूप वाटले. देवाच्या वाटीतले लोक खातात, हे तो पुढे आठवडाभर सर्वांना सांगत होता.

तेव्हापासून आमच्या घरी अष्टमीचा जन्म दोनदा होतो. मध्यरात्रीचा शास्त्राप्रमाणे, आणि सकाळी आठचा मुलांसाठी, स्वयंपाकघरात. सकाळच्या सुंठवड्यात सुंठ नावापुरती असते. साखर व खोबरे अधिक. एका विद्वान स्नेह्याने यास शास्त्राधार विचारला होता. आम्ही त्यास सांगितले की आधार आहे, पण तो वाचता येणार नाही, कारण त्या पानावर गुलाल सांडला आहे. अष्टमीची दूरची कीर्तने आम्ही घेणे सोडिले. कीर्तनकार म्हणून त्याने थोडी हानी झाली, नाही असे नाही. मातोश्री आता नाहीत. थोरली नाशिकला असते. श्रावणातल्या शुक्रवारी तिच्या दिशेस अक्षता पडतात. धाकटा पुण्यास नोकरी करतो. त्याला कीर्तनाची गोडी विशेष लागली नाही, आणि आम्ही ती लावावयास गेलो नाही. पण अष्टमीस तो मुलीला घेऊन न चुकता येतो.

नात साडेतीन वर्षांची आहे. परवाच सारी मंडळी येऊन दाखल झाली. आज सकाळी आम्ही स्नान उरकून पूजेस बसलो. गंध उगाळून झाले आहे, तुळस निवडून झाली आहे, नैवेद्याचे दूध ओट्यावर तापत आहे. ताम्हणात शाळिग्राम आहे, अन्नपूर्णा आहे, बाळकृष्ण नाही. नात आपल्या बापाबरोबर भाजी आणावयास मंडईत गेली आहे. तिच्या फ्रॉकला दोन खिसे आहेत, असे तिची आजी सांगते. आम्ही घंटा बाजूला ठेवून बसलो आहोत.